मनाची मोजपट्टी (लेखांक ६) : चुकल्या-चुकल्यासारखं

मागच्या आठवड्यात मानसशास्त्रज्ञ डेसी आणि रायन यांची प्रेरणेची शिडी पाहिली. तळाला ‘कशाला करायचं?’, मग बाहेरचा रेटा, मग मनातली टोचणी, त्यावर ‘मला पटलंय म्हणून’ आणि वर निव्वळ आनंद. व्यायामाच्या बाबतीत माणूस यातल्या कुठल्या पायरीवर आहे, हे जोखणारी प्रश्नावली वेल्समधल्या बँगोरच्या संशोधकांनी १९९७ मध्ये तयार केली. विधानं १५. तळाची पायरी त्यात नव्हती. २००४ मध्ये मार्कलंड आणि टोबिन यांनी तिची ४ विधानं जोडली आणि संख्या १९ झाली. प्रत्येक विधानापुढे ० ते ४ गुण : शून्य म्हणजे ‘माझ्याबाबतीत खरं नाही’, चार म्हणजे ‘अगदी खरं’. पुढे ती स्पॅनिश, ग्रीक अशा भाषांत गेली.

मराठीत आणायची तर? एकोणीस लहान वाक्यं, एका दुपारचं काम वाटतं. पण पहिल्याच क्रियापदाशी गाडी अडते : करतो की करते? इंग्रजीला ही पंचाईत नाही. ‘करतो/करते’ लिहावं तर प्रत्येक ओळ सरकारी अर्जासारखी दिसते. सुटका आपल्या व्याकरणातच आहे. ‘व्यायामात मला मजा येते’ म्हटलं की क्रियापद मजेकडे बघून चालतं, माणसाचं लिंग विचारत नाही.

खरी गोची तिसऱ्या पायरीवर. व्यायाम केला नाही की ‘गिल्टी’ वाटतं, अशा आशयाचं तिथे एक विधान आहे. शब्दकोश सांगतो, ‘अपराधी वाटतं’. पण सकाळचं फिरणं बुडलं म्हणून कोणी स्वतःला अपराधी म्हणवून घेतं का? शहरातल्या जिममध्ये सरळ ‘गिल्टी वाटतं’ म्हणतात, आणि तिथे तोच शब्द ठेवावा असं मला वाटतं. गावात तो चालणार नाही. मग ‘चुकल्यासारखं वाटतं’ घ्यावं? त्यात चूक आहे, म्हणून ते बरोबर वाटतं. पण दुपारचा चहा मिळाला नाही तरी आपल्याला चुकल्या-चुकल्यासारखं होतं. त्यात दोष नसतो, उणीव असते. आणि नियमित व्यायाम झाला नाही की बेचैन व्हायला होतं, हे विधान प्रश्नावलीत वेगळं आहे, चौथ्या पायरीवर! म्हणजे एका शब्दापायी टोचणीचं विधान गुपचूप वरच्या पायरीवर जाऊन बसतं.

यावरचा प्रसिद्ध उपाय उलट अनुवादाचा. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये तो नीट मांडला : मराठी मजकूर दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्यायचा आणि मुळाशी ताडायचा. गंमत अशी की ‘अपराधी’ इथे पैकीच्या पैकी गुण मिळवतो, आणि ‘मन खात राहतं’ हा जिवंत वाक्प्रचार परतताना वाकडा होतो. लाकडी शब्दाला बक्षीस, बोलत्या शब्दाला ताशेरे. म्हणून डॉर्कस बीटन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या पद्धतीत उलट अनुवाद ही फक्त एक पायरी आहे. आधी दोन स्वतंत्र अनुवादक, त्यांतल्या एकाला विषयाचा गंध नसलेला बरा. नंतर तज्ज्ञांची समिती. शेवटी ३० ते ४० जणांकडून प्रश्नावली भरून घेऊन, ‘तुम्हाला यातून काय समजलं?’ असं विचारायचं. माझा सर्वाधिक भरवसा या शेवटच्या विचारण्यावर.

कारण शब्द अचूक असूनही पायरी हलते. ‘घरचे म्हणतात म्हणून’ हे प्रश्नावलीच्या हिशेबात बाहेरचा रेटा. साखर वाढल्यावर मुलगी म्हणते, ‘बाबा, चालायला जा.’ बाबा जातात. तो रेटा की माया? हे अनुवादकाने टेबलाशी बसून ठरवायचं नसतं. शेकडो जणांनी भरलेल्या उत्तरांचं घटक-विश्लेषण केलं की त्या पायरीची चारही विधानं एकत्र राहतात की एखादं फुटून निघतं, ते दिसतं.

आणि मुळात ‘व्यायाम’ म्हणजे काय? कोकणात भातलावणीला दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला ‘व्यायाम कशाला करायचा, ते मला कळत नाही’ हे विधान वाचून दाखवा. ती हसेल आणि म्हणेल, अगदी खरं. चारपैकी चार. कागदावर तिची पायरी तळाची.