घरच्या मोटारखान्यांतील लेथ



आपल्या कोल्हापुरांत ‘मेस्त्री’ हा शब्द केवळ धंदा सांगत नाहीं, तो मानही सांगतो. ज्यांना आपण बाबूराव पेंटर म्हणून ओळखतों, त्यांचें आडनांव मेस्त्रीच होतें. त्यांनीं व त्यांचे नात्यानें बंधु आनंदराव यांनीं चलच्चित्रें घेण्याचा कॅमेरा स्वतःच्या हातांनीं घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. परंतु बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें तें काम तडीस नेलें, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. जी वस्तु बाजारांत मिळत नाहीं ती घरीं करून पाहावी, ही या गांवाची जुनी खोड आहे. उद्यमनगरांतील लेथांचा व ओतकामाच्या भट्ट्यांचा संसार याच खोडीवर उभा राहिला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

मी मॅट्रिक झालेला, आतां सेवानिवृत्त शाळामास्तर. यंत्रविद्येचा मला अधिकार नाहीं. परंतु माझा एक जुना विद्यार्थी व्यवसायानें टर्नर असून त्यानें आपल्या घरच्या मोटारखान्यांत एक जुना लेथ मांडला आहे. संध्याकाळीं त्याच्यापाशीं बसून जें पाहिलें तेंच आज सांगणार आहें.

अँबॅसडर गाडीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. कारखाना थांबला, तरी गाड्या थांबल्या नाहींत. वडिलांनीं घेतलेली गाडी मोडींत घालणें अनेकांच्या जिवावर येतें. मग झिजलेल्या भागाची जोड मिळेना, कीं मंडळी लेथवाल्याचें दार ठोठावतात.

सर्वांत सोपें उदाहरण बुशाचें. फिरणाऱ्या दांड्याभोंवतीं जी धातूची नळी बसवितात तिला बुश म्हणतात. झीज व्हायचीच तर ती महागड्या दांड्याची न होतां स्वस्त बुशाची व्हावी, म्हणून तो मऊ धातूचा करतात. त्यासाठीं गनमेटल फार सोयीचें. त्यांत शंभरांत सुमारें ८८ भाग तांबें, १० भाग कथील व २ भाग जस्त असतें. दांडा मायक्रोमीटरनें मोजावयाचा, तोही एकाच जागीं नव्हे. झिजलेला दांडा क्वचितच गोल राहिलेला असतो. म्हणून दोन्ही टोकांस, मध्यभागीं आणि आडवा-उभा असा मोजावयाचा. दांडा व बुश यांमध्यें तेलाच्या पापुद्र्यापुरती फट ठेवावी लागते. ढोबळ नियम असा, कीं ही फट दांड्याच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याइतकी असावी. २५ मिलिमीटरच्या दांड्यास ती ०·०२५ मिलिमीटर झाली, म्हणजे सुताराच्या एका सुताचा सुमारें सव्वाशेवा भाग! फट कमी पडली तर दांडा तापून धरतो. अधिक झाली तर खडखडतो.

आणखी एक मेख आहे. बुश आपल्या घरांत दाबून बसविला कीं चोहोंकडून आवळला जातो व त्याचें भोंक किंचित् लहान होतें. म्हणून भोंक आधीं थोडें कमी ठेवून, बुश बसविल्यावर रीमरनें अखेरच्या मापास आणावें लागतें. नवशिका नेमका येथेंच चुकतो.

येथवर सारें कौतुकाचें झालें. आतां जें सांगतों तें याच विद्यार्थ्याच्या संमतीनें. काहीं वर्षांपूर्वीं त्यानें एका परिचिताच्या गाडीसाठीं सुकाणूच्या जोडणींतील एक खिळ मापाबरहुकूम करून दिली. नमुन्याशेजारीं ठेवली तर जुनी कोणती व नवी कोणती, तें केवळ चकाकीवरूनच ओळखावें! पंधरवड्यांत ती तुटली. सुदैवानें गाडी गल्लींतून हळू वळत होती. ती भिंतीस घासून थांबली. आंत परिचिताची मुलें होतीं.

खिळ कां तुटली? जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो, तेथें मूळ खिळेचा कोपरा किंचित् गोल होता. याचा कोपरा काटकोनांत तीक्ष्ण निघाला. कापडाच्या कांठास कात्रीनें लहानसा काप दिला, तर ओढतांच तें तेथूनच फाटतें. धातूचेंही तसेंच आहे. तीक्ष्ण कोपऱ्यांत सारा ताण एकवटतो, प्रत्येक हेलकाव्यासरशी केसाएवढी चीर वाढत जाते, आणि एके दिवशीं उरलेला भाग एकदम तुटतो. शिवाय मूळ खिळ योग्य पोलादाची, तापवून व पाणी देऊन कणखर केलेली होती. यानें हाताशीं असलेली सळई वापरली होती. माप डोळ्यांस दिसतें व यंत्रानें मोजतां येतें. पोलादाची जात आणि त्यास दिलेलें पाणी दिसत नाहीं.

त्या रात्रीं तो माझ्याकडे आला व म्हणाला, “सर, माझं माप चुकलं नव्हतं.” मी म्हणालों, “बाळ, नक्कल बरोबर आली म्हणजे गणित समजलें असें नव्हे, हें मी तुला चौथींत सांगत होतों.” तो हंसला नाहीं; मलाही हंसूं आलें नाहीं.

तेव्हांपासून त्याच्या लेथावर एक पाटी आहे: ‘ब्रेक व सुकाणूचें काम घेतलें जात नाहीं.’ बुश, वॉशर, दरवाजाच्या बिजागरीच्या खिळा, पाण्याच्या पंपाचीं कामें तो आनंदानें करतो. जो भाग निकामी झाल्यास गाडी नुसती थांबते, तो घरीं करावा. जो निकामी झाल्यास गाडी थांबतच नाहीं, तो करूं नये, हा त्याचा विवेक.

गिऱ्हाइकें परत जातात, कांहीं रागावतातही. परंतु मेस्त्री या शब्दांतील मान जसा केलेल्या कामानें मिळतो, तसाच तो नाकारलेल्या कामानेंही टिकतो, असें मला वाटतें.