मासळीच्या पिकअपला मागे ड्रम ब्रेक बरे की डिस्क?



मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत (१ जून ते ३१ जुलै) गाड्यांची कामं निघतात आणि हा प्रश्न हमखास येतो, "मागचे ड्रम काढून डिस्क बसवूया काय?" म्हणून सोप्या भाषेत मांडतो.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बंद डबा. पेडल दाबलं की आतले दोन शू पसरून डब्याला आतून घासतात. फिरता ड्रम एका शूला आणखी आवळून घेतो, त्यामुळे कमी जोरात चांगली पकड मिळते. हँडब्रेकही त्याच शूंवर केबलने चालतो. खर्चही कमी. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, पुढच्या चाकांवर जास्त ताण येतो. म्हणून बोलेरो पिकअप, टाटा एस यांसारख्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात.

डिस्कची तबकडी उघडी असते, कॅलिपर तिला दोन पॅडांच्या चिमटीत धरतो. वारा लागून ती लवकर थंड होते आणि पाणीही झटकून टाकते.

खरा फरक घाटात कळतो. गोव्यातून चोर्ला घाटाने बेळगावला मासळी नेताना चढ, येताना उतार. रिकामे क्रेट आणले तर ठीक, पण परतीला भाजी भरली तर सारखे ब्रेक दाबून ड्रम तापतो, फुगतो, शूंपासून लांब जातो. पेडल खाली जातं, जळका वास येतो, गाडी थांबत नाही. असं जाणवलं की बाजूला थांबा, ब्रेक आपोआप थंड होऊ द्या, पाणी ओतू नका. मुळात घाट खालच्या गियरमध्येच उतरा. न्यूट्रल कधीच नको.

खारं पाणी मात्र दोघांचंही वैरी. ड्रममध्ये शिरलेलं पाणी लवकर निघत नाही, ॲडजस्टर आणि सिलिंडर गंजतात. डिस्कच्या कॅलिपरच्या पिना जाम होतात, मग एकच पॅड झिजतो.

आमचं मत: मूळ ड्रमच ठेवा. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल कंपनीने जुळवलेला असतो. डिस्क बसवली तर तो बिघडू शकतो, हँडब्रेकची वेगळी सोय करावी लागते. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं बंधन आहे. अपघात झाला तर विम्याचा वाद उभा राहील तो वेगळाच.

त्यापेक्षा एवढं करा:

१. बंदीत ड्रम उघडून शू, सिलिंडर, ॲडजस्टर तपासून घ्या. आतली धूळ फुंकू नका, हवा मारू नका, ती छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसा.
२. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल ओढतं, मग तापल्यावर लवकर उकळतं.
३. बर्फाचं पाणी मागच्या चाकांवर पडू नये म्हणून हौद्याला पाईप लावा.
४. जेटीवरून आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा, मग हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक मारून वाळवा.
५. ओल्या गाडीचा हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवला तर शू चिकटतात. सपाट जागी गियरमध्ये ठेवा, चाकाला उटी लावा.

मासळी अर्धा तास उशिरा पोचली तर बर्फ थोडा जास्त लागेल, एवढंच. ड्रायव्हर सुखरूप घरी यायला हवा.