दारची सावनी आणि तिचे शत्रु

आमच्या घरांत आजवर अनेक प्रश्नांवर दोन मतें पडलीं आहेत. परंतु एका झाडावरून दोन तट पडतील असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं तसें झालें खरें. अंगणाच्या कोपऱ्यांत आमच्या कै. वहिनींनीं हौसेनें लावलेली सावनी ठेवावी कीं तोडावी, या प्रश्नाचा पंधरा दिवस घरांत खल चालला होता. त्या निमित्तानें आम्हांस जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण आमच्या हातून जी चूक घडली ती पुष्कळ घरीं घडत असावी असा आमचा तर्क आहे.

ज्यांस हें झाड परिचित नाहीं त्यांच्याकरितां प्रथम दोन शब्द. रोपवाटिकेंत हिला क्रेप मर्टल म्हणतात. उत्तरेकडील सावनी हें नांव श्रावणाशीं नातें सांगणारें आहे. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत फांद्यांच्या शेंड्यांवर फुलांचे तुरे येतात. पाकळ्या बहुधा सहा, आणि क्रेपच्या कापडासारख्या चुरगळलेल्या. जुनी साल सुटून पडते व खोड हात फिरवीत राहावें असें गुळगुळीत होतें. यावरून जपानी लोकांनीं तिला 'माकड घसरेल असें झाड' या अर्थाचें नांव दिलें आहे; चीन देशांत ती फार दिवस फुलते म्हणून तिला 'शंभर दिवस तांबडी' म्हणतात. शास्त्रीय नांव १७५९ सालीं लिनिअस या स्वीडिश पंडितानें आपले स्नेही लागरस्ट्रोम यांच्यावरून ठेविलें.

हिचें गोत्र पाहूं लागल्यास मोठी मौज वाटते. महाराष्ट्राचें राज्यपुष्प जी तामण, ती हिची सख्खी बहीण. रानांतील नाणा व बोंडारा हे सख्खे भाऊ. मेंदी आणि धायटी हीं चुलत भावंडें. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं अलीकडे डाळिंब व उपवासाचा शिंगाडा यांसही याच कुळांत आणून बसविलें आहे. मदयन्तिका, धातकी, दाडिम आणि शृंगाटक हीं संस्कृतांत निरनिराळ्या ठिकाणीं भेटणारीं नांवें एकाच घराण्यांतलीं आहेत, हें आम्हांस साठी उलटल्यावर कळलें.

आणि वादाचें मूळही या नात्यांतच होतें. आमच्या पुतण्याची राहात्याजवळ डाळिंबाची बाग आहे. आमच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांत डाळिंबावर अनेक कुटुंबांचा संसार चालतो, आणि तेल्या रोगानें उभ्या बागा उपटाव्या लागल्याचें दुःख पुष्कळांनीं सोसलेलें आहे. पुतण्या सणाला घरीं आला, सावनीचीं पानें काळीं पडलेलीं त्यानें पाहिलीं आणि म्हणाला, "काका, डाळिंबाच्याच भाऊबंदांतलें झाड हें, आणि असें रोगट! काढूनच टाकूं या." सूनबाईंचीही तक्रार होती: "मामंजी, त्या झाडाखालच्या दोरीवर वाळत घातलेला एकही कपडा चिकट झाल्यावांचून राहत नाहीं." आमचे बंधु मात्र कांहींच बोलले नाहींत. झाड कोणाच्या हातचें होतें हें सर्वांस ठाऊक होतें. त्यांचें तें मौन आम्हांस सोसवेना, म्हणून आम्हीं एका वर्षाची मुदत मागून घेतली.

प्रथम पान उलटें करून पाहिलें. पाठीमागें फिकट पिवळ्या माव्याची दाटी होती. हा मावा पानांतील रस शोषतो आणि त्यांतील जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपानें खालीं टाकतो. त्या साखरेवर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. तेव्हां पानांचा काळेपणा हा मूळ रोग नव्हे, माव्यानें मागें ठेविलेलें उष्टें आहे. ओल्या फडक्यानें पुसल्यास खालीं पान हिरवें दिसतें.

मग पुतण्याची भीति तपासून पाहिली. सावनीवरचा मावा बहुतांशीं सावनीवरच जगतो. डाळिंबावरचा नेहमीचा मावा निराळ्या जातीचा आहे. तेल्या तर जिवाणूंचा रोग. त्याचा या काळ्या बुरशीशीं कांहीं संबंध नाहीं. तथापि पुतण्याचें म्हणणें सर्वस्वीं निराधारही नव्हतें. पिठ्या ढेकूण वाटेल त्या झाडावर संसार मांडतो. शिवाय सावनीच्या सालीवर येणारी एक खवले कीड आहे. ती २००४ सालीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत प्रथम आढळली व पुढें अनेक प्रांतांत पसरली. ती डाळिंबावरही जगूं शकते. खोडावर व फांद्यांच्या बेचक्यांत पांढरे, कापसासारखे ठिपके दिसले आणि ते चिरडल्यावर गुलाबी रस निघाला, तर या किडीचा संशय घ्यावा व फांदीचा तुकडा जाणकारांस दाखवावा. आमच्या जिल्ह्यांत राहुरीस १९६८ पासून कृषि विद्यापीठ आहे, ही मोठीच सोय होय. आम्हीं आमचें खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाहिलें; तसें कांहीं आढळलें नाहीं.

मग मावा एवढा माजला कां? याचें उत्तर आम्हांस लाज वाटावी असें निघालें. दर पौषांत आम्ही सावनीचे शेंडे एकाच जागीं सपासप उडवीत होतों. त्या जागीं मोठाल्या गांठी झाल्या होत्या, आणि प्रत्येक गांठींतून लांब, कोंवळ्या, दुबळ्या फांद्यांचा झुबका फुटत होता. कोंवळी फूट म्हणजे माव्यास पंचपक्वान्नाचें ताट! त्यांत शेणखताबरोबर युरियाची मूठही आम्ही सढळ हातानें टाकीत होतों. शेजारच्या जांभळीची सावली वाढून सकाळचें ऊनही बंद झालें होतें. म्हणून थंडीच्या तोंडीं पानांवर भुरी येई. वृक्षायुर्वेदकार सुरपालानें झाडांसही वात, पित्त आणि कफ यांचे विकार सांगितले आहेत. आमच्या झाडाचा विकार मात्र मालकाच्या हातांतून उद्भवला होता. पस्तीस वर्षें शाळेंत काढूनही हें आमच्या ध्यानांत येऊं नये, याचें नवल वाटतें. पोर बिघडलें कीं प्रथम छडी आठवते. त्याला कोठें बसविलें आहे, काय खाऊं घातलें आहे, हें पाहण्याचें सुचत नाहीं.

त्यानंतर आम्हीं जें केलें तें अगदीं साधें आहे. सावनीचीं फुलें नव्या फुटीवर येतात, म्हणून हिंवाळ्याच्या अखेरीस छाटणी करण्यास हरकत नाहीं. परंतु छाटणी म्हणजे शिरच्छेद नव्हे. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व आंत वळलेल्या फांद्या मुळापासून काढाव्या, बुंध्यांतून फुटणारे धुमारे खुडावे, आणि शेंड्यांस हात लावूं नये. युरिया बंद केला. शेजाऱ्यांच्या संमतीनें जांभळीच्या दोन फांद्या उतरविल्या. आठवड्यांतून दोनदां सकाळीं नळीनें पानांच्या पाठीवर जोराचें पाणी मारलें. त्यानें मावा खालीं पडतो, आणि पडलेल्यांपैकीं फारच थोडे पुन्हां वर चढतात. कपड्यांची दोरी पलीकडच्या भिंतीला बांधली.

पुतण्यानें इमिडाक्लोप्रिडची बाटली आणून ठेविली होती. ती आम्हीं उघडूं दिली नाहीं. मुळाशीं घातलेलें हें औषध पानांत चढतें, तसेंच परागांतही उतरतें. सावनीच्या फुलांत मध नाहीं. मधमाश्या येतात त्या केवळ परागासाठीं. डाळिंबाच्या फुलासही मधमाशी हवी, हें आम्हीं पुतण्यास सांगितलें तेव्हां त्यानें बाटली मुकाट्यानें पिशवींत घातली. विषानें मावा मरतो, तसे त्यास खाणारे ढालकिडेही मरतात. आणि मावा ढालकिड्यांच्या आधीं परत येतो.

ज्यांस नवें झाड लावावयाचें असेल त्यांनीं रंगाबरोबर जातही विचारावी. १९५६ सालीं अमेरिकेच्या जॉन क्रीच यांनीं जपानच्या याकुशिमा बेटावरून सावनीच्या एका भावकीचें बीं नेलें. या जातीस भुरीचा त्रास फार थोडा होतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांत डोनल्ड एगॉल्फ यांनीं तिचा नेहमीच्या सावनीशीं संकर करून 'नॅचेझ' ही पांढरी, 'मस्कोगी' ही फिकट जांभळी, 'टस्कारोरा' ही गडद गुलाबी, अशा अनेक जाती तयार केल्या आणि त्यांस तेथील आदिवासी जमातींचीं नांवें दिलीं. भुरीपासून या जाती पुष्कळ अंशीं सुरक्षित आहेत. मावा मात्र त्यांसही चुकत नाहीं. जात कोणतीही असो, दिवसभर ऊन व मोकळा वारा मिळेल अशी जागा हेंच पहिलें औषध होय.

मुदतीचें वर्ष संपलें तेव्हां मावा समूळ गेला होता असें आम्ही म्हणणार नाहीं. तो आजही थोडा आहे, आणि त्याच्यामागें ढालकिडेही आहेत. पण पानांचा काळेपणा पावसानें धुऊन गेला आणि श्रावणांत झाड असें फुललें कीं बंधूंनीं आपली खुर्ची ओसरीवरून उचलून त्याच्याजवळ नेली. पुतण्यानें आपला हेका अद्याप सर्वस्वीं सोडलेला नाहीं. परंतु हल्लीं घरीं आला कीं हातपाय धुण्याआधीं तो सावनीचें एक पान उलटें करून पाहतो. आम्हांस तेवढें पुरें आहे.