कट मारला म्हणून

कापसाच्या दिवसांत अल्लीपूर-हिंगणघाट रस्त्यावर गाडी चालवायची म्हणजे ट्रॉलीची शेपटी धरून जायचं. कापूस ताडपत्रीबाहेर दोन्ही अंगांनी हात-हातभर फुगलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर कापसाखाली झाकलेला. ट्रॅक्टरवाल्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, कारण त्याचा टेप चालू असतो. मी एसटीत २९ वर्षं स्टेअरिंग धरलं, त्यातली बरीचशी अशा ट्रॉल्यांच्या मागे गेली.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पुढे ट्रॉली, मागे एक पांढरी चारचाकी. समोर रस्ता मोकळा दिसला तसा मी उजवा इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं आणि बस बाहेर काढली. त्याच क्षणी ती चारचाकीही बाहेर निघाली होती, आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातून. तिला साइडपट्टीवर उतरावं लागलं. पुढे जाऊन त्यानं गाडी आडवी घातली आणि टॉमी घेऊन उतरला. "कट मारतो का बे? उतर खाली!"

त्याचं चुकलं काय, हे मला नंतर सुचलं. आपल्याकडे कित्येक ट्रकवाले उजवा इंडिकेटर देऊन मागच्याला 'जा पुढे' म्हणून सांगतात. कायद्यात त्याचा अर्थ 'मी उजवीकडे येतोय' एवढाच. मी कायद्याचं बोललो, त्यानं ट्रकवाल्यांचं ऐकलं. डिपरचंही तेच. एकाला तो 'ये बाबा' वाटतो, दुसऱ्याला 'थांब, मी येतोय'. आणि हॉर्नला तर एकच शब्द येतो. 'माफ करा' म्हणायचा हॉर्न अजून कोणी काढला नाही. ट्रकांच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' राज्य सरकारनं २०१५ मध्ये बंद केलं, पण हॉर्न काही कमी झाले नाहीत.

मी खाली उतरलो नाही. यात शहाणपण कमी, जुनी जखम जास्त.

नोकरीला लागून चारेक वर्षं झाली होती. अंगात रग. एका ट्रकवाल्यानं साइड दिली नाही, वर शिवी हासडली. पुढच्या फाट्यावर त्याला गाठलं, बस थांबवली, उडी मारली आणि थेट त्याची कॉलर धरली. मागून आरडाओरडा झाला तेव्हा वळून पाहिलं. मी हँडब्रेक न ओढताच उतरलो होतो. गाडी न्यूट्रलमध्ये, रस्त्याला जरासा उतार. बस पुढे सरकत होती. धावत जाऊन ब्रेक दाबला, पण त्या धक्क्यानं एका बाईच्या मांडीवरचं पोर पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं. खालचा ओठ फाटला. ती बाई मला काहीच बोलली नाही, नुसती पदरानं पुसत राहिली. त्यानंतर कितीही शिव्या आल्या तरी माझा हात दाराकडे गेला नाही.

रस्त्यावरचं भांडण गाडीत आहे तोवर गाडीचं असतं. उतरलं की ते माणसांचं होतं. नवज्योतसिंग सिद्धूचं प्रकरण घ्या. २७ डिसेंबर १९८८, पटियाला. वाटेवर उभी जिप्सी, तिच्यात सिद्धू, मागून मारुतीत आलेले ६५ वर्षांचे गुरनाम सिंग, आणि वाट देण्यावरून झालेली बोलाचाली. गुरनाम सिंग मारानंतर दगावले. निर्दोष सुटका, मग शिक्षा, मग २०१८ मध्ये नुसता १००० रुपये दंड, आणि अखेर १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं एक वर्षाची कैद दिली. त्या सकाळी वाट द्यायला मिनिटभर तरी लागलं असतं का?

पण साइड देणाऱ्याचं नेहमी भलंच होतं, असंही मी सांगणार नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात पाषाण-बाणेर लिंक रोडवर दोन लेकरांना घेऊन दुचाकीवर चाललेल्या एका बाईनं मागच्या कारला वाट दिली होती, असं तिचं म्हणणं. तरी कारवाल्यानं पुढे जाऊन गाडी थांबवली आणि उतरून तिच्या तोंडावर ठोसे मारले, असा तिचा आरोप. पोलिसांनी त्याला अटक केली. रक्ताळलेल्या नाकानं बोलणारी ती बाई साऱ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिली.

आमच्या गावरस्त्यांवर तर साइड फुकट मिळत नाही. डांबर एका गाडीपुरतं. कडेला वीतभर खाली काळी माती. पावसाळ्यात दुचाकीवाला डांबर सोडून उतरला की घसरलाच. म्हणून तो उतरत नाही, मागचा मोठा गाडीवाला त्याला माजोरी समजतो, आणि हॉर्नवर हात ठेवून बसतो. शहरातला माणूस याला राग म्हणेल. मी म्हणेन, अर्धा दोष साइडपट्टीचा. ती भरून घ्या, निम्मी भांडणं मिटतील.

उरलेल्या निम्म्यांसाठी माझी रीत साधी. मागचा घाईत असेल तर त्याला जाऊ द्यायचं, आणि तो ओव्हरटेक करताना आपण वेग वाढवायचा नाही. नियमच आहे तसा. कोणी आडवा आलाच तर काच वर, दार लॉक, त्याच्या डोळ्यांत पाहायचं नाही, बोट दाखवायचं नाही. नंबर पाठ करायचा, ११२ लावायचा. कोणी पाठलाग करत असेल तर घरी नेऊ नका त्याला, पेट्रोल पंपावर किंवा ठाण्यात न्या. धोकादायक गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली पहिल्या वेळेला १००० ते ५००० रुपये दंड किंवा कैदही होते. गाडी आडवी घालून वाट अडवणं हा तर वेगळा गुन्हाच आहे.

त्या पांढऱ्या गाडीवाल्यानं शेवटी टॉमीनं माझा उजवा आरसा फोडला आणि निघून गेला. मी तक्रार दिली. तोवर बस ठाण्यासमोर दोन तास उभी, आणि प्रवासी माझ्यावरच खवळलेले. "त्यानं आरसा फोडला, तुम्ही आमचा दिवस फोडला," एक म्हातारबा म्हणाले. त्यांना दवाखान्यात जायचं होतं. मला काही उत्तर सुचलं नाही.

आता भाच्याची पिकअप आहे, कापूस हिंगणघाटच्या मार्केटला नेतो. मी कधी कधी बाजूला बसतो. परवा एका बाइकवाल्यानं कट मारला, वर हात हलवून काहीतरी बोलला. भाच्यानं लगेच अ‍ॅक्सिलेटर दाबला.

"मामाजी, त्यानं शिवी देल्ली ना!"

"देल्ली तं देल्ली. टायर पंक्चर झाला का तुया?"

त्यानं पाय उचलला. अंगठा मात्र पुढच्या फाट्यापर्यंत हॉर्नवरच होता.