उंच बायकांची सायकल

आमच्या महिला मंडळातल्या एक वहिनी उंच, भरल्या अंगाच्या. सायकलनं गुडघे दुखायला लागले, तशी ‘माझं वजनच जास्त’ म्हणत त्यांनी ती सोडून दिली. मला मात्र दोष बुटक्या फ्रेमचा दिसला. मैत्रिणींनो, दुकानात रंगाआधी मोठी फ्रेम मागा. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकावा, इतकी सीट वर घ्या. वेग आणि आराम दोन्ही हवेत तर हायब्रीड सायकल बघा. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद. चाकाला ३६ स्पोक असले तर उत्तम. पुढचा शॉकअप नको, त्यात जोर वाया जातो. सायकल किती किलो पेलते तेही विचारा. हवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेत, पण टणक ठेवा. कुणी हसलं तर हसू दे. गुडघे आपले आहेत ना!