घरभाड्यातला धंद्याचा वाटा

वर्धा जिल्ह्यातील घरगुती व्यवसायांची मोजदाद दुकानांच्या पाट्यांवरून करता येत नाही, कारण हिंगणघाटच्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी एकीत चालणाऱ्या ब्लाउज-शिलाईला, आर्वीच्या ओसरीवर भरणाऱ्या शिकवणीला किंवा सेलूच्या गच्चीवर वाळणाऱ्या पापड-कुरडयांना पाटी नसते. घर आणि धंदा यांचा पैसा एकाच डब्यात पडतो आणि त्याच डब्यातून निघतो, त्यामुळे धंद्यासाठी घराचे भाडे, वीज आणि जागा किती खर्ची पडली, याचा हिशेब बहुधा कोणाकडेच नसतो. प्राप्तिकराच्या कायद्याने मात्र अशा दुहेरी वापराच्या घराची दखल फार पूर्वी घेतली आहे. १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमातच, व्यवसायाच्या जागेचा काही भाग राहण्यासाठी वापरला जात असेल, तर भाड्याची वजावट प्रमाणात द्यावी, अशी तरतूद होती. १९६१ च्या अधिनियमाने ती कलम ३० आणि ३८ मध्ये चालू ठेवली, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी प्रमाणशीर वजावटीचे तत्त्व कायम आहे.

येथे ‘वजावट’ या शब्दाचा अर्थ नेमका समजून घ्यावा लागतो. वजावट म्हणजे करातून मिळणारी सूट नव्हे; व्यवसायाच्या जमेतून खर्च वजा करून जो नफा उरतो, त्यावर कर आकारला जातो, आणि घरखर्चाचा काही भाग धंद्याचा खर्च म्हणून मान्य झाला, तर तो नफा तेवढा कमी धरला जातो.

समजा, हिंगणघाटच्या एका शिलाई करणाऱ्या महिलेचे भाड्याचे घर ५०० चौरस फुटांचे असून भाडे दरमहा ६,००० रुपये आहे, आणि १२५ चौरस फुटांची एक खोली केवळ मशीन, ओव्हरलॉक व कापडाच्या गठ्ठ्यांनी व्यापली आहे. जागेचा चौथा हिस्सा धंद्याकडे गेला असल्याने वर्षाच्या ७२,००० रुपये भाड्यापैकी १८,००० रुपये धंद्याचा खर्च ठरतात. रात्री त्याच खोलीत मुले झोपत असतील, तर वेळेचाही विचार करून हे प्रमाण खाली आणावे लागते. कायद्याने सूत्र आखून दिलेले नाही, योग्य प्रमाण ठरवण्याचा अधिकार करनिर्धारण अधिकाऱ्याला दिला आहे, आणि म्हणून खोलीचे मोजमाप व कामाचे तास वहीत लिहून ठेवणाऱ्याचीच बाजू टिकते. विजेला मात्र चौरस फुटांचे माप लावणे चुकीचे होईल. १०० वॉटची मोटर रोज ६ तास, महिन्यात २५ दिवस चालली, तर १५ युनिट होतात; १,००० वॉटची इस्त्री तितकेच दिवस रोज १ तास चालली, तर आणखी २५ युनिट होतात; आणि घराचे महिन्याचे बिल १३० युनिटांचे असेल, तर धंद्याचा वाटा चौथा हिस्सा नसून १३० पैकी ४० युनिटांचा, म्हणजे सुमारे ३१ टक्के, निघतो.

या हिशेबात सर्वांत मोठी अडचण गणिताची नसून नावाची आहे. खर्च करदात्याने स्वतः आणि व्यवसायासाठी केलेला असावा लागतो. शिलाई पत्नीची, पण भाडेकरार पतीच्या नावे आणि भाडेही त्याच्याच खात्यातून जात असेल, तर पत्नीच्या विवरणपत्रात तो खर्च मांडता येत नाही. घरगुती व्यवसाय करणाऱ्यांत महिलांची संख्या मोठी आणि घराच्या कागदांवर त्यांचे नाव क्वचित, ही विसंगती कर कायद्याने निर्माण केलेली नाही, पण तिचा भुर्दंड या महिलांनाच बसतो. भाडेकरारात दोघांची नावे घालणे आणि धंद्याच्या वाट्याचे भाडे तिच्या बँक खात्यातून देणे, हा त्यावरचा साधा आणि कायदेशीर मार्ग आहे.

घर स्वतःचे असेल, तर धंद्याने घरमालकाला भाडे दिले, असे कल्पून वजावट घेता येत नाही, कारण स्वतः स्वतःला दिलेले भाडे हा खर्चच नव्हे. किरकोळ दुरुस्ती, नगरपरिषदेचा कर आणि विमा यांचा प्रमाणशीर भाग मिळतो, आणि झीज भरून काढण्यासाठी दरवर्षी धरली जाणारी रक्कम, म्हणजे घसारा, त्याच प्रमाणात घेता येतो. मात्र घराच्या ज्या भागावर घसारा घेतला, त्या भागाच्या विक्रीवरील नफा, घर कितीही वर्षे ताब्यात असले तरी, अल्पकालीन भांडवली नफा मानला जातो. थोड्या वार्षिक बचतीसाठी पुढे असा बोजा पत्करावा का, हे घसारा मांडण्यापूर्वीच ठरवावे.

एवढे सांगून झाल्यावर एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे भाग आहे: वर्ध्यातील बहुतेक घरगुती व्यावसायिकांना या वजावटीचा करात फारसा उपयोग होत नाही. लहान व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे, जी १९६१ च्या अधिनियमातील कलम ४४एडी या नावाने ओळखली जाते. तीत २ कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीवर रोखीच्या जमेच्या किमान ८ टक्के आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली जाते, आणि भाडे, वीज, घसारा हे सर्व त्यात आधीच वजा झाले, असे समजले जाते. त्याच घरखर्चाची पुन्हा वजावट मागता येत नाही. शिवाय २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर निवासी व्यक्तीला करसूट मिळत असल्याने, मुळात कर लागतच नसेल, तर वजावट मिळून कमी व्हायला काही उरत नाही.

हिशेब ठेवणे ज्यांच्या खऱ्या उपयोगाचे, ते लोक वेगळे आहेत. विमा प्रतिनिधी किंवा दलाल घरातूनच काम करतो, परंतु दलालीच्या उत्पन्नाला कलम ४४एडीची योजना लागू नाही; त्यामुळे घराचा कोपरा, फोन, इंटरनेट यांचा प्रमाणशीर खर्च पुराव्यानिशी मांडणे हाच त्याचा मार्ग असतो, आणि ही वजावट नव्या करप्रणालीतही मिळते. नोकरदाराची स्थिती याउलट आहे. तो घरून काम करीत असला, तरी त्याच्या वाट्याला केवळ पगारातून वजा होणारी ठरावीक रक्कम, म्हणजे प्रमाणित वजावट, येते. ब्रिटनमध्ये स्वयंरोजगारी व्यक्तीला घरून केलेल्या कामाच्या मासिक तासांनुसार १०, १८ किंवा २६ पौंडांची ठरावीक रक्कम पावत्यांशिवाय खर्ची टाकता येते. भारतात असा सोपा पर्याय नाही, आणि लहान करदात्यांच्या दृष्टीने तो असायला हवा.

तरीही कर न भरणाऱ्या महिलेनेसुद्धा हे प्रमाण काढावे, याचे कारण वर्ध्याच्या इतिहासातच सापडते. डिसेंबर १९३४ मध्ये येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले. संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये लेखापालाचे शिक्षण घेतलेले आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तशास्त्र शिकलेले गृहस्थ होते. घाणी आणि हातकागद यांच्या कामाला हिशेब जाणणारा माणूस मिळाला, ही लहान गोष्ट नव्हती. आजही पापडाचा भाव ठरवताना डाळ, तेल, मसाला धरला जातो, मजुरीही कधीकधी धरली जाते, पण खोली आणि वीज सुटून जाते. वरच्या उदाहरणातील खोलीत शिलाईऐवजी पापड होत असतील आणि महिन्याला १०० किलो माल निघत असेल, तर एकट्या भाड्याचाच वाटा किलोमागे १५ रुपये येतो, आणि भावात तो नसेल, तर तेवढे पैसे घर आपल्या खिशातून ग्राहकाला देत असते.

विजेच्या बाबतीत आणखी एक मर्यादा माहीत असणे आवश्यक आहे. घराच्या एखाद्या भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाला घरगुती दर लागू ठेवण्याची सोय महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरआदेशात आहे, परंतु त्यासाठी वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि आदल्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत असावा लागतो. घरघंटीचा घरगुती दर केवळ घरच्या दळणासाठी असतो. त्यामुळे समुद्रपूर तालुक्यातील वायगावची, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली हळद विक्रीसाठी घरात दळायला घेतली, की ते दळण घरचे राहत नाही, आणि घरगुती दर टिकतो तो या ३०० युनिटांच्या मर्यादेतच. म्हणून घंटी सुरू करण्याआधी गेल्या वर्षभराची बिले काढून युनिटांची बेरीज करून पाहावी.