मराठी बॅनरसाठी फॉरमॅट कोणता?

आता बघा, फॉरमॅट ठरवताना आपण आधी वजन बघू. गुगल अ‍ॅड्समध्ये साध्या चित्र-जाहिरातीला १५० केबीची मर्यादा आहे. ३०० बाय २५० पिक्सेलच्या चौकोनात नुसता साडीचा फोटो असेल, तर जेपेग घ्या. रंगछटा टिकतात, फाईल हलकी राहते.

पण त्याच फोटोवर मराठी मजकूर आला की पंचाईत. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पाडतो आणि त्यातले बारीक तपशील गाळतो. मग ठळक कडांभोवती डाग उठतात. आपली शिरोरेषा म्हणजे कडाच की! जास्त दाबली फाईल, तर अनुस्वार त्या डागात हरवतो आणि ‘आंबा’ विकायचा सोडून आपण ‘आबा’ विकतो. मजकूर आणि लोगो एवढंच असेल, तर पीएनजी बरा. तो काही गाळत नाही. फोटोला मात्र जड पडतो.

हालचाल हवी असेल, तर १९८७चा जिफ अजून चालतो. एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग, त्यामुळे चेहऱ्यांवर पट्टे दिसतात. फ्लॅशचा आधार तर अ‍ॅडोबीने २०२०अखेर काढूनच घेतला.

त्याची जागा एचटीएमएल५ने घेतली. तिथे अक्षरं ही खरी अक्षरं असतात, कुठल्याही पडद्यावर स्वच्छ. पण सोबत फॉन्ट द्यावा लागतो. तो हलका करताना जोडाक्षरांचे आकार उडवले, तर ‘मुक्त’चा ‘मुक्‌त’ होतो. दोन ओळींच्या सूचनेसाठी आम्ही तरी एवढा खटाटोप करणार नाही, पीएनजी लावू.